तिच्या मुठीचे माप

शस्त्रविक्रीच्या दुकानांतून वारंवार दिसणारा एक प्रसंग असा असतो, की परवाना पत्नीच्या नावाचा, पैसे दोघांच्या संसारातले आणि बोलणे मात्र सर्वस्वी पतीचे व दुकानदाराचे. समोर दोन-तीन रिव्हॉल्व्हर मांडली जातात. पती एकेक उचलतो, उघडून पाहतो, पुन्हा मिटवतो. दुकानदार त्यांतले सर्वांत लहान व सर्वांत हलके हत्यार पुढे सरकवून ‘मॅडमसाठी हे बरे’ असे सांगतो. आणि जिच्या हाताला त्या हत्याराशी पुढची कित्येक वर्षे संबंध ठेवावयाचा असतो, जिला ते अपरात्री, अर्धवट झोपेतून उठून, छाती धडधडत असताना कदाचित उचलावे लागणार असते, ती शेवटी केव्हा तरी ते क्षणभर हातात घेते आणि ‘ठीक आहे’ म्हणते. त्या दोन शब्दांत संमती किती आणि संकोच किती, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

पतीच्या हेतूविषयी शंका घेण्याचे येथे कारण नाही. आडबाजूच्या मळ्यावर, वस्तीपासून दूरच्या बंगल्यात किंवा रोकड आणि दागदागिने सांभाळण्याच्या व्यवसायात जिला दिवसाचे वा रात्रीचे अनेक तास एकटीने काढावे लागतात, तिच्या काळजीनेच तो या खटाटोपात पडलेला असतो. तथापि काळजी ही निवडीची कसोटी होऊ शकत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांना लागू पडलेला चष्मा नाकावर ठेवून जसे आपल्याला वाचता येत नाही, तसेच दुसऱ्याच्या पंजाला साजलेले शस्त्र आपल्या पंजात नेमके बसत नाही. आणि म्हणून हत्यार सोयीचे आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार ज्या हाताने ते चालवावयाचे त्या हाताचाच मानला पाहिजे. पतीने करावयाची मदत पुष्कळ आहे, ती कोणती याचा विचार पुढे केलाच आहे. परंतु त्या मदतीची पहिली अट ही, की निर्णयाच्या क्षणी त्याने एक पाऊल मागे सरावे.

आपल्या देशातील कायद्याची दृष्टीही नेमकी हीच आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील २०१६ चे शस्त्र नियम यांच्या योजनेत परवाना हा व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नसतो. पतीपाशी परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे म्हणून तो परगावी गेला असता ते उशाशी ठेवून घेण्याची मुभा पत्नीला मिळत नाही. तसे करणे दोघांनाही गुन्ह्याच्या कक्षेत नेणारे आहे, आणि ही गोष्ट कितीतरी सुशिक्षित घरांतूनसुद्धा ठाऊक नसते. तिला स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो. वयाची एकवीस वर्षे पूर्ण असली पाहिजेत. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या आयुक्तालयांच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे व अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज दाखल करावयाचा. पोलीस ठाण्यामार्फत चौकशी होऊन अहवाल जावयाचा. आपला व्यवसाय, निवास अथवा परिस्थिती यांमुळे जीविताच्या वा मालमत्तेच्या रक्षणाची खरीखुरी गरज आहे हे दाखवून द्यावयाचे. आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला जोडावयाचा. अर्ज नामंजूर झाल्यास कारणे नोंदविण्याचे बंधन अधिकाऱ्यावर आहे आणि त्या हुकमाविरुद्ध अपिलाची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली व परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची केली. या सर्व कागदपत्रांच्या प्रवासात पतीची मदत फार मोलाची ठरते, परंतु चौकशीच्या वेळी ‘आपणांस हत्यार कशासाठी पाहिजे?’ या प्रश्नाचे उत्तर तिने स्वतःच्या तोंडाने द्यावयाचे असते. आणि ज्या स्त्रीपाशी हे उत्तर सिद्ध नाही, तिच्यासाठी शस्त्राची निवड करावयास बसणे हेच मुळी अवेळी होय.

परवाना हाती पडला म्हणजे बाजार कसा आहे ते कळते, आणि तो फार अरुंद आहे हे ध्यानात येते. अमेरिकेतील ग्राहकासमोर शेकडो नमुने असतात. आपल्याकडे ९ मिलिमीटर, ०.३८ किंवा ०.४५ बोअरची हत्यारे प्रतिबंधित वर्गात मोडतात व ती सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. परदेशी हत्यारांची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८० च्या दशकापासूनच बंद असल्यामुळे जुनी विलायती पिस्तुले हातोहाती अवाच्या सवा किमतीला विकली जातात. उरते ते मुख्यतः ०.३२ बोअर, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत ‘बत्तीस बोअर’. आणि त्यातही प्रामुख्याने कानपूरच्या सरकारी कारखान्यांची रिव्हॉल्व्हर व ईशापूरच्या कारखान्याचे ‘अशनी’ हे पिस्तूल. अलीकडे काही खाजगी कारखान्यांनाही उत्पादनाची मुभा मिळाली आहे.

स्त्रियांसाठी म्हणून खास हत्यार काढण्याचा आपल्या देशातील गाजलेला प्रयत्न २०१४ च्या जानेवारीत झाला. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ मधील सामूहिक बलात्काराच्या अमानुष घटनेनंतर अवघा देश हादरलेला असताना कानपूरच्या कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे बत्तीस बोअरचे, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे त्याचे वजन अवघे पाचशे ग्रॅमच्या आसपास उतरले होते, किंमत सव्वा लाखाच्या घरात होती, आणि दागिन्यांच्या पेटीसारख्या पेटीतून ते दिले जात असे. शस्त्रविरोधी चळवळीतील मणिपूरच्या कार्यकर्त्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. स्त्रियांच्या रक्षणाचे कर्तव्य राज्यसंस्थेचे असताना ते स्त्रीच्याच पर्समध्ये टाकून मोकळे होणे योग्य नव्हे, असा त्या आक्षेपाचा रोख होता, आणि मला तो आजही विचारार्ह वाटतो. सव्वा लाखाचे हत्यार ज्या स्त्रीला परवडते, ती बहुधा रात्रीच्या बसने एकटीने प्रवास करणारी स्त्री नसते. परंतु त्या वादात एक दुसरी, निव्वळ व्यावहारिक बाजू झाकली गेली, आणि ज्या कुटुंबाने शस्त्र घ्यावयाचे ठरविले आहे त्याच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. हलके हत्यार स्त्रीला सोयीचे असते, हे गृहीतच मुळात तपासून पाहण्याजोगे आहे.

गोळी नळीतून पुढे जाते तेव्हा तेवढ्याच संवेगाने हत्यार मागे येते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा हा साधा परिणाम आहे. काडतूस तेच असेल तर मागे येणाऱ्या हत्याराची गतिज ऊर्जा त्याच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे वजन कमी तितका हिसका अधिक. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्याच ‘अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीने ‘प्रबल’ नावाचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर आणले, त्याचे वजन काडतुसांवाचून सातशे ग्रॅम आहे, नळी ७६ मिलिमीटरची आहे, आणि एकंदर लांबी १७७.६ मिलिमीटर आहे. सातशे ग्रॅम आणि पाचशे ग्रॅम यांची तुलना केली तर एकाच काडतुसाने हलक्या हत्याराचा हाताला बसणारा धक्का ऊर्जेच्या हिशेबाने सुमारे चाळीस टक्के अधिक भरतो. दुकानात हातात घेऊन पाहताना पाचशे ग्रॅम सुखद वाटतात, यात नवल नाही. परंतु दुकानात गोळी झाडली जात नाही. ज्या स्त्रीने पहिल्याच सरावात अंगठ्याच्या बेचक्यात असा हिसका सोसला, तिचा हात दुसऱ्या गोळीच्या आधीच आखडतो, डोळे मिटतात, चाप ओढण्याऐवजी झटकला जातो, आणि चार-सहा सरावांनंतर ती सरावास जाण्याचेच टाळू लागते. बत्तीस बोअरचे काडतूस मुळात सौम्य आहे हे खरे, आणि म्हणून हलके रिव्हॉल्व्हरही अगदीच असह्य होत नाही. परंतु दिवसभर अंगावर वागवावयाचे नसून घरात ठेवावयाचे असेल, तर दोनशे ग्रॅमचे ते ओझे तिच्याच बाजूने काम करते, असे माझे स्पष्ट मत आहे.

या संदर्भात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. २०१३ च्या चांगवॉन येथील विश्वचषकात आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या प्रकारातील पिस्तूल असते ०.२२ बोअरचे, म्हणजे धक्का नाममात्र. त्याचे वजन १४०० ग्रॅमपर्यंत असू शकते. आणि त्याचा चाप किमान एक किलोच्या ओढीचा असावा एवढाच नियम आहे. जड हत्यार, हलका चाप, सौम्य काडतूस आणि पंजाच्या मापाने कोरलेली लाकडी मूठ, ही निष्णात नेमबाजाने स्वतःसाठी पसंत केलेली सोय. आणि जिने आयुष्यात कधी गोळी झाडलेली नाही तिला आपण देतो ते हत्यार अर्ध्या किलोचे, चाप चार-पाच किलोंचा, नळी तीन इंची, आणि मूठ कोणाच्याच पंजाची नसलेली! खिशात मावणारे हत्यार हे वस्तुतः सरावलेल्या हाताचे हत्यार आहे. नवशिक्याच्या हाती ते देणे म्हणजे त्याच्यापुढे सर्वांत अवघड धडा सर्वांत आधी ठेवणे होय.

स्त्रीला लहान व हलके हत्यारच सोयीचे, हा समज केवळ आपल्याकडचा नाही आणि आजचाही नाही. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कारखान्याने १९०२ साली ‘लेडीस्मिथ’ नावाचे चिमुकले ०.२२ बोअरचे, सात गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर काढले होते. १९२१ मध्ये ते बंद पडले, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याच नावाने नवी, बऱ्यापैकी दणकट हत्यारे पुन्हा बाजारात आली. स्त्रीचे हत्यार म्हणजे लहान हत्यार, ही कल्पना त्या व्यापारात शंभर वर्षे तग धरून राहिली. अखेर २०१८ मध्ये त्याच कारखान्याने स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, सहज ओढता यावी या एकाच हेतूने आखलेले पिस्तूल काढले, आणि ते स्त्रियांइतकेच वृद्ध व संधिवाताने पीडित पुरुषांनाही उपयोगी पडले, तेव्हा कुठे प्रश्न हाताच्या शक्तीचा आहे हे त्या व्यवसायाच्या नीट ध्यानात आलेले दिसते.

आता प्रत्यक्ष हाताकडे वळू. हत्यार रिकामे असल्याची खात्री दुकानदाराने, पतीने आणि तिने स्वतः, अशी तिघांनीही स्वतंत्रपणे केल्यावर, नळी निर्धोक दिशेला धरून, तिने ते मुठीत घ्यावे. अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचके मुठीच्या पाठीवर शक्य तितके वर बसले पाहिजे, आणि नळीची रेषा मनगटातून कोपरापर्यंतच्या हाडांच्या रेषेत आली पाहिजे. म्हणजे धक्का हाताच्या हाडांतून सरळ मागे जातो व मनगट पिळवटत नाही. अशी पकड कायम ठेवून तर्जनी चापावर न्यावी. बोटाच्या अग्राचे पेर चापावर सपाट टेकत असेल तर माप जुळले. ते टेकविण्यासाठी तिला पकड बाजूला सरकवावी लागत असेल, आणि नळी हळूहळू हाताच्या रेषेतून ढळत असेल, तर ते हत्यार तिच्यासाठी मोठे आहे, मग दुकानदार काहीही सांगो. उलट बोट चापावरून पार पलीकडे जाऊन दुसऱ्या सांध्याशी अडकत असेल, किंवा करंगळीला मुठीवर जागाच उरत नसेल, तर ते लहान आहे. आणि फार लहान मूठ मोठ्या मुठीइतकीच त्रासदायक असते, कारण उरलेल्या दोन बोटांवर सगळा भार येतो. रिव्हॉल्व्हरची लाकडी वा रबरी मूठ पुष्कळदा बदलून मिळते, आणि हत्याराच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो. पतीने आपला आग्रह खर्ची घालावयाचा असेल तर तो या मुठीवर घालावा.

मुठीनंतर चाप. रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने आधी मागे ओढून ठेवला म्हणजे चाप हलका लागतो. तसा न ओढता नुसत्या चापानेच घोडा उठवावयाचा व पाडावयाचा असेल तर ओढ चार ते सहा किलोंची पडते. सातशे ग्रॅमची वस्तू हातात स्थिर ठेवून तिच्या एका अवयवावर तिच्या वजनाच्या सहा-सात पट जोर लावावयाचा आणि तरीही ती हलू द्यावयाची नाही, हे हस्तकौशल्याचे काम आहे. घोडा ओढून ठेवण्याची सवय संकटकाळी घातक ठरते. थरथरत्या हातात हलक्या झालेल्या चापावर बोटाचा नकळत भार पडून अनिच्छेने गोळी सुटण्याचा धोका त्यात असतो. म्हणून स्वसंरक्षणाचे शिक्षण देणारे बहुतेक उस्ताद पूर्ण ओढीचाच सराव सांगतात. याची परीक्षा अशी करता येते. सिलिंडरमध्ये नकली काडतुसे घालून, खरी काडतुसे खोलीबाहेर ठेवून, नळीच्या टोकावरच्या माशीलगत, म्हणजे नेम धरण्याच्या खुणेलगत, एक नाणे ठेवावे आणि चाप सावकाश शेवटपर्यंत ओढावा. नाणे पडू न देता तिला सलग पाच-सहा वेळा हे करता आले, तर त्या हत्याराचा चाप तिच्या बोटाला झेपतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच बोट थकत असेल, तर दुसरे हत्यार पाहावे, किंवा आधी काही आठवडे पंजाचा व्यायाम करावा. यात कमीपणा मानण्यासारखे काहीही नाही.

पिस्तूल बरे की रिव्हॉल्व्हर, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. पिस्तूल चपटे असते, चाप बहुधा हलका असतो, आणि गोळ्या अधिक मावतात. परंतु पहिली गोळी नळीत आणण्यासाठी स्लाइड मागे ओढावी लागते, आणि बत्तीस बोअरच्या पिस्तुलात स्लाइड मागे येण्यास केवळ तिचे वजन आणि स्प्रिंगचा जोर हेच आवर घालीत असल्याने ती स्प्रिंग काडतुसाच्या मानाने चांगलीच कडक असते. हत्यार लहान म्हणून ओढणे सोपे, असे येथेही होत नाही. स्लाइड दोन बोटांच्या चिमटीत न धरता सबंध तळव्याने वरून धरून, उजव्या हाताने मूठ जोराने पुढे ढकलावी. असे केले म्हणजे जोर बोटांऐवजी खांद्यापासून येतो, आणि ज्या स्त्रियांनी ‘मला हे जमणारच नाही’ म्हणून पिस्तूल बाजूला ठेवलेले असते त्यांच्यापैकी कित्येकींना ते जमते. घोडा बाहेर असलेल्या पिस्तुलात तो आधी मागे ओढून ठेवला तर स्लाइड आणखी हलकी होते. दुसरी अडचण अशी, की मनगट सैल राहिले तर स्लाइडला पुरती मागे जाण्यास आधार मिळत नाही व पुढचे काडतूस मध्येच अडकते. ते अडकलेले काडतूस घाबरलेल्या अवस्थेत सोडविणे हे वेगळे शिक्षण आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी उडाली नाही तर चाप पुन्हा ओढावयाचा, एवढेच. सरावाला महिन्यातून एकदाही जाणे जिला शक्य होणार नाही, तिने रिव्हॉल्व्हर घ्यावे. जिला नियमाने जाता येईल आणि जिच्या हाताला स्लाइड झेपते, तिने पिस्तुलाचा विचार अवश्य करावा. रिव्हॉल्व्हरमध्येही कानपूरची आधीची हत्यारे बिजागरीवर मोडून उघडतात, तर ‘प्रबल’चा सिलिंडर बाजूला निघतो, दोन्ही प्रकार तिने भरून, रिकामे करून, अंधाऱ्या खोलीत चाचपून पाहावेत.

डोळ्यांकडे बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. पुष्कळ माणसांचा उजवा हात प्रधान असतो आणि डोळा मात्र डावा. दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून त्यातून दूरची खूण दोन्ही डोळ्यांनी पाहावी व मग एकेक डोळा मिटावा; ज्या डोळ्याने खूण जागच्या जागी दिसते तो प्रधान डोळा. हात आणि डोळा विरुद्ध असले तर पिस्तूल किंचित बाजूला सरकवून काम भागते, पण ते आधी ठाऊक हवे. चाळिशीनंतर माशी अंधूक दिसू लागते. अशा वेळी जाड, ठळक रंगाची माशी असलेले हत्यार पाहावे, आणि सराव नेहमीच्या चष्म्यासहितच करावा.

खरेदीपूर्वी गोळी झाडून पाहण्याची सोय आपल्याकडे दुर्मिळ आहे, आणि पतीच्या साहाय्याचा खरा वाव येथेच आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून रायफल क्लब आहेत, मुंबईत वरळीला आणि पुण्यात बालेवाडीला नेमबाजीची केंद्रे आहेत. तेथे तिचे नाव नोंदवावे, परवान्याचा अर्ज दप्तरांतून फिरत असेल तोवरच तिला शिकू द्यावे. ०.१७७ इंच बोअरचे आणि वीस ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेचे एअर पिस्तूल बाळगण्यास परवाना लागत नाही, आणि नेम, श्वास व चाप यांचा पाया त्यावर उत्तम घडतो. शिकविणारा मात्र पती नसावा. ज्या माणसाशी संसारातील शंभर गोष्टींवरून रोज बोलणे होते, त्याच्याकडून ‘पुन्हा चुकलीस’ हे ऐकून घेणे कोणालाही जड जाते, आणि मग ती त्याला बरे वाटावे म्हणून होकार देते किंवा त्याला टाळण्यासाठी सराव सोडते. शक्य तेथे स्त्री प्रशिक्षकाकडे जावे. पतीने तिला नेऊन पोचवावे, कानांवरची आवरणे आणि डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा चांगल्यापैकी घेऊन द्यावा, कारण पिस्तुलाचा आवाज दीडशे डेसिबलच्याही वर जातो. आणि मग बाहेर बसून राहावे. पिस्तुलातून उडणारी पुंगळी तापलेली असते व ती गळ्याशी पडली की हात आपोआप तिकडे धावतो, म्हणून गळाबंद पोशाख घालण्याची आठवण तेवढी त्याने करून द्यावी.

पोशाखाचा विषय निघालाच आहे तर हेही पाहिले पाहिजे, की परदेशी पुस्तकांतील सल्ला कमरपट्ट्याभोवती रचलेला असतो आणि साडीला वा सलवार-कमीजला कमरपट्टा नसतो. हत्यार बाहेर न्यावयाचे म्हटले की ते पर्समध्ये जाते. आणि पर्समध्ये किल्ल्या, कंगवा, पेन यांच्या सोबत मोकळे पडलेले भरलेले हत्यार ही अत्यंत धोक्याची वस्तू आहे. चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर आणि फक्त हत्यारासाठी राखलेला, कुलपाचा कप्पा, याखेरीज ते पर्समध्ये जाता कामा नये. पर्स खुर्चीला अडकविली जाते, हिसकावली जाते, गाडीत विसरते, घरी आल्यावर लहान मुलांच्या हाती लागते. माझ्या मते बहुसंख्य स्त्रियांनी हत्यार घरातच ठेवावे. नेण्याच्या सोयीसाठी हलके हत्यार घेण्याचा मुद्दाही मग आपोआप गळून पडतो.

घरात ठेवण्याचाही विचार निर्मळ मनाने केला पाहिजे. आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात बंदूक असलेल्या घरांत खुनाचा धोका सुमारे २.७ पट आढळला होता, आणि तो धोका मुख्यतः आप्तांकडून व परिचितांकडूनच होता. त्या अभ्यासावर वाद झाले. परंतु आपल्याकडेही स्त्रियांवरील गुन्ह्यांच्या सरकारी आकडेवारीत पतीकडून आणि नातलगांकडून होणारा छळ हा सर्वांत मोठा भाग असतो, ही गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. ज्या घरात दारूचे व्यसन आहे, हात उगारला जातो, किंवा कोणी दीर्घकाळ निराशेने ग्रासलेले आहे, त्या घरात हत्यार आणू नये, आणि हे सांगण्याचा पहिला हक्क पत्नीचा आहे. अन्य घरांत पोलादी पेटी भिंतीला किंवा जमिनीला पक्की बसवावी, तिची किल्ली अथवा सांकेतिक अंक परवानाधारक स्त्रीपाशीच राहावा, आणि मुलांना तिची जागा ठाऊक नाही अशा भरवशावर कोणी राहू नये. निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारे पुष्कळदा ठाण्यात जमा करावी लागतात; त्या काळात दाराची कडी, अंगणातला दिवा, शेजाऱ्याचा दूरध्वनी आणि कुत्रा यांवरच भिस्त असते, म्हणून त्यांची व्यवस्था हत्याराच्या आधी लावावी.

कायद्याने दिलेला बचावाचा हक्क तिला नीट समजला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो सांगितला आहे. पोलिसांचे साहाय्य घेण्यास अवधी असेल तर तो हक्क उरत नाही, आणि बचावाला आवश्यक त्याहून अधिक इजा करण्यापर्यंत तो पोचत नाही. मृत्यू अथवा जबर दुखापत, बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला अशा वाजवी भयाच्या प्रसंगी मात्र हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत त्याची मर्यादा जाते. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीवर गोळी झाडण्याचे समर्थन त्यात सहसा सापडणार नाही. ही कलमे पती-पत्नींनी एकत्र बसून, शक्य तर वकिलाच्या समक्ष, वाचावीत. आणि वाचल्यानंतर तिचा विचार बदलला, तर मंजूर झालेला परवानाही वापरलाच पाहिजे असे नाही.

परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांनी येते. तेवढ्या काळात पंजाची शक्ती, बोटांचे सांधे, डोळ्यांचा नंबर या सर्वांत फरक पडतो, आणि चाळिशीत सहज ओढला जाणारा चाप साठीत ओढला जाईलच असे नाही. म्हणून नूतनीकरणाच्या अर्जाबरोबरच नाण्याची ती परीक्षा पुन्हा घ्यावी, मूठ बदलावयाची तर बदलावी, आणि हत्यार आता झेपत नाही असे तिने सांगितले तर ते परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून परवान्यावरील नोंद कमी करून घ्यावी.